विज्ञान आणि वैद्यकात उतरणाऱ्या मुली आणि त्यांच्या घरची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीस-बावीस वर्षं मी जीवरसायनशास्त्रात काम करते आहे. कॉलेजांत बोलायला जाते तेव्हा सभागृहात एक-दोनच हात वर होतात. खरे प्रश्न नंतर येतात. जिन्यात एखादी मुलगी गाठते, गाडीपाशी एखादी आई थांबलेली असते, रात्री फोनवर लांबलचक मेसेज येतो. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहिली आहेत. यातल्या कितीतरी गोष्टी मला वेळेवर कुणी सांगितल्या असत्या तर माझी निदान दोन वर्षं वाचली असती.

आता मुली सगळीकडे पुढेच आहेत. मग हा विषय वेगळा कशाला काढायचा?

वर्गात पुढे आहेत, हे खरं. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यातल्या २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. पण प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्यांमध्ये बायका मोजायला गेलं तर पाचात एकही धड भरत नाही.

मधल्या मुली कुठे जातात? त्या नापास झालेल्या नसतात आणि त्यांना कंटाळाही आलेला नसतो. सत्तावीस ते पस्तीस या आठ वर्षांत पीएचडीचा शेवट, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन), पहिली कायमची नोकरी, लग्न, नवऱ्याची बदली आणि बाळंतपण हे सगळं एकदम येऊन आदळतं. फेलोशिपची आणि नोकरीची वयोमर्यादाही याच वर्षांत संपत आलेली असते. म्हणून माझ्या मते मुलींना विज्ञानाकडे वळवायचं काम आता बऱ्यापैकी झालेलं आहे. त्यांना तिथे टिकवायचं काम राहिलेलं आहे. या पानावरची बरीचशी उत्तरं त्याच आठ वर्षांबद्दल आहेत.

नीटमध्ये मार्क कमी पडले. आता पुन्हा एक वर्ष द्यायचं की बीएस्सी करायची?

बारावीच्या मुलींशी मी अरेतुरेतच बोलते, म्हणून तुला सरळ विचारते. तुला डॉक्टर व्हायचं आहे, की तुला जीवशास्त्र आवडतं? रुग्णाशी बोलणं, वॉर्डातला वास आणि रात्रीची ड्यूटी हे सगळं हवंहवंसं वाटत असेल तर अजून एक वर्ष जरूर दे. पण पेशीत नेमकं काय चालतं याचं कुतूहल असेल, तर नीट हुकली म्हणून काहीच हुकलेलं नाही. पुण्यात २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे आणि त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. साधी बीएस्सी करून पुढे जॅम किंवा गेट या प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या संस्थेत जाणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते. आघारकर संशोधन संस्था, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणि राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत, तर कर्करोगावर काम करणारी अॅक्ट्रेक खारघरला. एवढं सगळं चार तासांच्या अंतरात आहे.

एक काम मात्र पहिल्या वर्षापासून कर. सुट्टीत कुठल्या तरी प्रयोगशाळेत जाऊन राब. देशातल्या विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिचा अर्ज भर. नाही मिळाली तर शास्त्रज्ञांना स्वतः पत्र लिही. वीस पत्रांतल्या दोघांचं उत्तर येतं, आणि तेवढं पुरतं.

घरची परिस्थिती बेताची आहे. फी कुठून आणायची?

महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. वैद्यकीय शिक्षणही त्यात येतं, मॅनेजमेंट कोटा येत नाही. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

मी मराठी माध्यमातली. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

पहिलं वर्ष जड जातं. मीही झेडपीच्या शाळेतली आहे. 'विकर' म्हणजेच एन्झाइम हे मला एफवायला कळलं, तेव्हा आपण फसवले गेलो असं वाटलं होतं. आता वाटतं की उलट फायदा झाला. विकर म्हटलं की विकार घडवणारं, बदल करणारं असं काहीतरी मनात आधीच उभं राहिलेलं होतं, ते पाठ करावं लागलं नाही. रोज एक पान इंग्रजी शोधनिबंध वाचायचा आणि तो आईला समजेल असा मराठीत सांगायचा. जे सांगता आलं नाही ते समजलेलंच नसतं.

पीएचडी केली तर स्थळं येणार नाहीत, असं आई म्हणते.

आईंनो, काही स्थळं येणार नाहीत हे तुमचं बरोबर आहे. पण बायको आपल्यापेक्षा जास्त शिकलेली म्हणून ज्याला अवघडतं, तो लग्नाआधीच गळाला, हे मुलीच्या भल्याचंच झालं. बैठकीत पगार आणि फ्लॅट विचारता, त्याच बैठकीत हेही विचारा: हिचं काम रात्री नऊपर्यंत चाललं तर घरी स्वयंपाक कोण करेल? दोन वर्षं परदेशात जायची संधी आली तर काय? उत्तराआधी जी शांतता पसरते, ती नीट ऐका.

पीएचडी करताना पैसे मिळतात का?

हो. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. वयाची मर्यादा ३० आहे, मुलींना पाच वर्षांची सूट आहे. म्हणजे ३५ पर्यंत ही परीक्षा देता येते. कितीतरी विवाहित मुलींना हे माहीतच नसतं आणि त्या एकोणतिसाव्या वर्षी पुस्तकं माळ्यावर टाकतात.

पीएचडीचा गाइड कसा निवडायचा?

विषयापेक्षा माणूस बघून. हे मी फार विचार करून लिहिते आहे, कारण नावडता विषय दोन वर्षांत आवडायला लागतो, पण माणूस बदलत नाही. त्या लॅबमधल्या जुन्या विद्यार्थिनींना गाठा, तेही लॅबच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. गेल्या दहा वर्षांत किती मुली आल्या आणि किती जणी प्रबंध देऊन बाहेर पडल्या? कुणाला मध्ये मूल झालं का, आणि झालं तेव्हा तिचा प्रकल्प तिच्याकडेच राहिला की दुसऱ्याला दिला गेला? शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं? या तीन उत्तरांत सगळं येतं. मोठ्या नावाच्या मागे जाऊन सात वर्षं रडत काढलेल्या मुली मला ठाऊक आहेत. साध्या विद्यापीठात समजूतदार बाईंकडे चार वर्षांत हसत-खेळत पीएचडी केलेल्याही आहेत.

गरोदरपणात प्रयोगशाळेत काम करावं का?

करता येतं, पण लपवून करू नका. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे, आणि गर्भाचे अवयव घडण्याचा काळ नेमका तोच असतो. निदान गाइडला आणि लॅबच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच सांगा. इथिडियम ब्रोमाइड, न गोठलेलं अॅक्रिलामाइड, फॉर्मालिन आणि झायलीन या घातक रसायनांपासून लांब राहायचं. ही कामं सहकाऱ्याकडे देऊन त्याची लिखापढी, आकडेमोड आपण घ्यायची. किरणोत्सारी पदार्थांबाबत नियम स्पष्ट आहे. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या महिन्यांत गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) जास्त मात्रा जाता कामा नये, अशी अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा आहे. ही मर्यादा कळवल्यावर लागू होते. गप्प बसलात तर नियम तुमच्या कामाला येत नाही.

मी स्वतः दहा आठवडे गप्प बसले होते. 'आता हिच्याकडून काम होणार नाही' असं कुणी म्हणेल याची भीती होती. बाळ सुखरूप झालं, तरी ते दहा आठवडे आठवले की आजही पोटात गोळा येतो.

बाळंतपणाची रजा पीएचडीच्या विद्यार्थिनीला मिळते का?

मिळते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीच्या पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर अजून दोन, अशी एकूण दहा. नोकरीत असाल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि ५० किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. कार्यालयातला कारकून 'असं काही नसतं' म्हणाला तर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लेखी नकार द्यायला कुणी सहसा धजत नाही.

एमडी-एमएसच्या मुलींचं थोडं वेगळं आहे. रजा मिळते, पण ठरलेल्या दिवसांवर गेली तर कोर्स तेवढा पुढे जातो.

आठ वर्षं घरी आहे. मुलं आता शाळेत जातात. परत येता येईल?

या प्रश्नाचे मेसेज मला सर्वात जास्त येतात, आणि बहुतेकींची सुरुवात 'मॅडम, मूर्खासारखा प्रश्न आहे, पण' अशी असते. हा प्रश्न मूर्खासारखा अजिबात नाही.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या योजना मुद्दाम अशाच बायकांसाठी आहेत. वाइज-पीएचडी ही फेलोशिप २७ ते ४५ वयाच्या महिलांना मिळते. म्हणजे चाळिशीतही पीएचडी सुरू करता येते. प्रयोगशाळेत पुन्हा उभं राहणं शक्य नसेल तर वाइज-आयपीआर बघा. एक वर्ष पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण, तेही स्टायपेंडसह. आधीच्या तुकड्यांतल्या कित्येक जणी आज पेटंट एजंट म्हणून काम करतात. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर ही योजनाही आहे. दर वेळी जाहिरातीतल्या अटी नव्याने वाचा, त्या बदलत असतात.

अर्जात मधली वर्षं झाकू नका. '२०१६ ते २०२४, बालसंगोपन' असं एका ओळीत लिहा आणि पुढे जा. परतीचा पहिला महिना फार वाईट जातो. पिपेट धरताना हात थरथरतो, बावीस वर्षांची मुलं सॉफ्टवेअर झपाझप चालवतात आणि आपण 'सेव्ह' कुठे आहे ते शोधत बसतो. तिसऱ्या महिन्यात हात आठवायला लागतात.

आणि ज्या आत्ता थांबण्याच्या बेतात आहेत त्यांना हात जोडून सांगते, पाय पूर्ण काढू नका. वर्षाला एक परिसंवाद ऐका, जुन्या गाइडच्या एखाद्या निबंधावर काम करा, कॉलेजात आठवड्याला चार तास तासिका तत्त्वावर शिकवा. बंद केलेलं दार उघडायला जेवढा जोर लागतो, तेवढा ते किलकिलं ठेवायला लागत नाही.

मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' असं विचारलं तर काय म्हणायचं?

मला एका संस्थेत पाच जणांच्या समितीने वीस मिनिटांतली नऊ मिनिटं हेच विचारलं. मूल किती वर्षांचं, सांभाळतं कोण, नवरा परवानगी देतो का. माझ्या कामाबद्दल दोन प्रश्न आले. मी सगळ्याची हसून उत्तरं दिली आणि बाहेर येऊन रिक्षात रडले. ती नोकरी मिळाली नाही. आज असं झालं तर मी शांतपणे म्हणेन, "घरची व्यवस्था झालेली आहे. माझ्या प्रकल्पाबद्दल काही विचारायचं आहे का?" हे वाक्य आरशासमोर पाच-सहा वेळा म्हणून बघा. आयत्या वेळी तोंडातून निघत नाही.

लग्नानंतर नाव बदललं तर जुने शोधनिबंध कुणाचे?

ज्या नावाने पहिला निबंध छापला तेच नाव शेवटपर्यंत ठेवा. आधारकार्डावर काहीही असो. आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढा, तो फुकट असतो आणि दोन्ही नावांचं काम एकत्र बांधून ठेवतो.

प्रेरणा म्हणून दर वेळी आनंदीबाईंचंच नाव का येतं?

आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं न होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण मुलींपुढे ठेवायला मला टिकलेल्या बायकांच्या गोष्टी जास्त हव्याशा वाटतात.

रखमाबाईंची घ्या. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्या कैद पत्करायला तयार झाल्या. खटला तडजोडीने मिटल्यावर लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोटला पस्तीसेक वर्षं बायकांवर उपचार केले. नव्वद वर्षं जगल्या. त्यांच्या पाठीशी डॉ. एडिथ पीची उभ्या होत्या, मुंबईच्या कामा रुग्णालयात काम करणाऱ्या. म्हणजे आधी पुढे गेलेल्या एका बाईने दुसरीला हात दिला होता.

कमला सोहोनी तर आपल्या दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी ठाण मांडलं. मग पहिलं एक वर्ष काम पारखण्यापुरतंच, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि त्यांच्यामुळे पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर घेतलं. वर्षाने रामनांचं मत बदललं आणि मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी, प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं. सकाळी दारावर विकायला येणारी नीरा प्रयोगशाळेत नेणारी बाई मला फार जवळची वाटते.

आणि कमल रणदिवे. कर्करोगावर काम करत मुंबईत ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केलीच, शिवाय १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या होत्या. या संघटनेने वाशीला काय चालवलं, तर नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर. अडचण नेमकी कुठे आहे हे त्यांना किती अचूक माहीत होतं!

डॉक्टर होऊन संशोधन कशाला? पेशंट बघावेत.

पेशंट बघतानाच प्रश्न सापडतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच धोरणात धरलेलं होतं. पांढरं जाणं, मासिक पाळीचा त्रास, अंगावर काढलेलं दुखणं हे सगळं त्या मोजणीमुळे कागदावर आलं. त्या बायका पुरुष संशोधकासमोर एवढं बोलल्या असत्या, असं मला वाटत नाही.

फील्डवर्क, जहाज, जंगल हे मुलींना झेपतं का?

नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. या गोष्टीला चाळीस वर्षं झाली.

रात्रीच्या ड्यूटीची भीती वाटते. कुठे बोलायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं, त्यानंतर ही भीती कुणी खोटी म्हणू नये. रेसिडेंट (निवासी डॉक्टर) म्हणून झोपायची खोली, तिची कडी आणि तिथवरचा उजेड या गोष्टी रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी बघा, आणि नसतील तर सगळ्याजणींच्या सहीने लेखी मागा. कुणी त्रास देत असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असते आणि तिची अध्यक्ष बाईच असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. मेसेज पुसून टाकू नका. तारीख-वार टिपून ठेवा. विद्यार्थिनींनाही हे संरक्षण आहे. शिफारसपत्र अडकेल म्हणून गप्प बसणाऱ्या मुलींना सांगते, शिफारसपत्र दुसऱ्या कुणाचंही मिळतं.

मी आई नाही, सासू आहे. सून पीएचडी करते. मी काय करू?

काकू, हा प्रश्न विचारलात म्हणून तुमच्या पाया पडावंसं वाटतं. तिला 'कधी संपणार गं हे?' असं विचारू नका, 'सबमिशन कधी आहे?' असं विचारा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या आधीचे सहा आठवडे पाहुणे, हळदीकुंकू, बारसं काही काढू नका. माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या, लेकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आतून ओरडल्या, "लिही तू!" दुपारी कधीतरी दार उघडायचं, चहाचा कप टेबलावर यायचा आणि दार पुन्हा बंद व्हायचं. असं अडतीस दिवस चाललं. एकोणचाळिसाव्या दिवशी प्रबंधाच्या पाच प्रती बांधायला टाकल्या, तेव्हा दुकानात त्या माझ्याबरोबर आल्या होत्या.